शुक्रवारचं तेल

"तुला आज चालणार नाही ना?" भोंगाताई म्हणाल्या, आणि माझ्या ब्रशच्या टोकावरचा पोर्सेलीनचा थेंब दाताच्या कडेवरून ओघळून साच्यावर पडला.

केक आला होता. एका दातांच्या डॉक्टरांनी आमच्या दात बनवायच्या लॅबला पाठवला होता, त्यांच्या दवाखान्याचा वाढदिवस म्हणून. दातांच्या डॉक्टरनं केक वाटायचा म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकांची बेगमीच झाली, असं पॉलिशवाले काका म्हणाले आणि सगळे हसले. कागदी बशा टेबलांवरून फिरायला लागल्या होत्या. मी तयारीत होते. शुक्रवारी खायचं काही समोर आलं की म्हणायची वाक्यं माझ्याकडे ठरलेली असतात. हात भरलेत, नंतर घेते. आत्ताच डबा झाला. दाढ दुखतेय, हे वाक्य दातांच्या लॅबमध्ये वापरू नये हे एकदा अद्दल घडून कळलं, कारण मग सगळे तोंड उघड, तोंड उघड करत मागे लागतात. आज मी "हात भरलेत" काढायच्या बेतात होते, तेवढ्यात भोंगाताईंनी माझ्या वाट्याची बशी मधल्यामध्ये उचलली, स्वतःच्या मेणाच्या दिव्यापलीकडे ठेवली आणि माझ्याकडे वाकून हे विचारलं. हळू विचारलं. म्हणजे त्यांच्या मानानं हळू. त्यांचं हळू म्हणजे बाकीच्या माणसांचं साधं बोलणं. मी म्हटलं, "का चालणार नाही?" तर त्या म्हणाल्या, "उपास ना तुझा." "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं. "तुझ्या डोक्यानं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी कसं चपचपीत चमकतं. एरवी झाडू असतो नुसता." आणि मेणाची सुरी दिव्यावर धरून त्या पुन्हा कामाला लागल्या, जशी काही बाहेर ऊन पडलंय एवढीच बातमी दिली होती.

माझा हात केसांकडे गेला. बोटांना तेल लागलं. ते तसंच ब्रशला लागलं तर दात भट्टीत बिघडणार, म्हणून मी उठून हात धुवायला गेले आणि नळाखाली हात धरून उभी राहिले. आमच्या प्रभू येशूनं सांगून ठेवलंय, उपास करता तेव्हा तोंड पाडून हिंडू नका, चार लोकांनी वा वा म्हणावं म्हणून करू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, आतल्या खोलीत जा, दार लावून घ्या. ज्याला दिसायला हवं त्याला लावलेल्या दारातूनही दिसतं. हे मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. म्हणून दर शुक्रवारी पहाटे उठून मी शहाण्यासारखी डोक्याला तेल लावते, साबणानं तोंड धुते, वर हलकी पावडर लावते, कुणाला संशय येऊ नये म्हणून. आणि बाकीचे दिवस? बाकीचे दिवस गोटीच्या मागे पळता पळता केसांतून कंगवा फिरला तरी नशीब. गोटी म्हणजे माझी मुलगी. गोल आहे आणि हातातून निसटते. नळाचं पाणी वाहत होतं आणि मला स्वच्छ दिसत होतं की मी इतके शुक्रवार कपाळावर पाटी लावून कामाला येतेय. कॉलेजात शिकलेली बाई मी. प्रयोगाच्या नळीत जे एकदाच बदलतं तीच खूण असते, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे.

टेबलाशी परत येऊन मी साचा पुसला आणि नवा थेंब घेतला. माझं काम रंगाचं. पांढऱ्या टोपीसारखी कॅप तयार होऊन माझ्याकडे येते आणि मी तिला माणसाच्या तोंडात शोभेल असं करते. खरा दात कधीच पांढरा नसतो. मुळाशी थोडा पिवळा, टोकाशी किंचित निळसर, कुठे चहाची एखादी बारीक रेघ. ती रेघ मी मुद्दाम काढते. शुक्रवारी हे काम वेगळं लागतं. सकाळी भूक नुसती बडबड करते, दुपारपर्यंत ती दमते, आणि मग डोक्यात एक मोकळी जागा होते. त्या जागेत ब्रश आपोआप चालतो. अनोळखी कुणीतरी या दातानं पाव चावणार, सफरचंद चावणार, कुणाच्या तरी विनोदावर हसणार, हे मनात येतं आणि मी मनातल्या मनात त्या तोंडासाठी दोन शब्द बोलते. बाकीच्या आठवड्यात माझ्या डोक्यात ही जागा नसते. तिथे गोटी असते. गोटीनं गिळलेलं बटण, जे तिनं कधीच गिळलेलं नाही. गोटीचा हात सोडून रस्त्यावर गेलेला चेंडू. गॅसचा खटका. खिडकीचा गज. नवरा म्हणतो, तुझं डोकं म्हणजे अपघातांचं गोदाम आहे, जे अजून झालेच नाहीत तेसुद्धा तू भरून ठेवतेस. तो हसून म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो, पण हसून झालं की झोपून जातो. मी उठून गोटीच्या नाकापुढे बोट धरते.

शुक्रवारचे उपास पाळकबाईंनी सुरू केले. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांची बायको, ठेंगणी, बोलताना समोरच्याचं मनगट धरून ठेवणारी. रविवारी उपासना संपल्यावर आम्हा बायकांना मागच्या खोलीत बसवून त्या म्हणाल्या, "पुढचे काही आठवडे शुक्रवारी जेवण सोडायचं आणि एक नाव मनात धरायचं. ज्याला आपल्या प्रभूबद्दल कधी काही सांगितलं नाही असं कुणीतरी. शेवटच्या शुक्रवारपर्यंत त्या माणसाशी एकदा तरी बोलायचं. आणि बायांनो, निवडत बसू नका. निवडायला बसलं की आपण सोयीचं माणूस निवडतो. डोळे मिटा, पहिलं येईल ते घ्या." मी डोळे मिटले. माझ्या मनात पाळणाघरातल्या मावशी येतील असं मला वाटत होतं. त्या शांत, आधीच निम्म्या संतासारख्या. पण आल्या त्या भोंगाताई, त्यासुद्धा आवाजासकट. मी डोळे उघडून पुन्हा मिटले. त्या पुन्हा आल्या.

भोंगा हे नाव त्यांना लॅबनं दिलं आणि त्यांनी ते हौसेनं घेतलं. त्यांच्या नवऱ्याला ऐकू कमी यायचं. लग्न झाल्यापासून त्याच्यासाठी आवाज वर चढला तो चढला. नवरा गेला, आवाज उतरला नाही. त्या स्वतःच सांगतात, "घडी पडलीय बाई गळ्याला." त्यांचा मुलगा याच शहरात दुसऱ्या टोकाला राहतो, क्वचित फोन करतो, आणि तो फोन आम्ही सगळे ऐकतो. "हो, हळूच बोलतेय!" त्या ओरडतात, आणि पॉलिशवाले काका यंत्र बंद करून मान डोलावतात. त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट म्हणजे जिन्यात लावलेली नोटीस. अशा बाईला मी देवाबद्दल सांगायचं. मी वाक्यं तयार केली होती. गोटीला आंघोळ घालताना म्हणून बघायची. "ताई, तुम्हाला कधी एकटं वाटतं का?" हे अगदी पत्रकातल्यासारखं वाटलं. "ताई, मला तुमच्याशी एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचंय," यावर त्या नक्की म्हणाल्या असत्या, "विमा विकतेस का?" आणि मग सगळी लॅब. एका शुक्रवारमागून दुसरा गेला, मी त्यांचं नाव घेत राहिले आणि तोंड उघडलं नाही. आज शेवटचा. परवा रविवारी मागच्या खोलीत पाळकबाई एकेकीचं मनगट धरून विचारणार, आणि मी काय सांगणार?

त्यात आणखी एक होतं, जे मी कुणाला बोलले नव्हते. मधल्या काही शुक्रवारांपासून भोंगाताई मला टाळत होत्या. आम्ही रोज आपापल्या टेबलाशी शेजारी बसून डबा खातो. त्या त्यांच्या अंड्यातला पिवळा बलक मला देतात, कारण त्यांना तो आवडत नाही, आणि मी त्यांना माझा पावाचा कडक काठ देते, कारण त्यांना तो आवडतो. पण शुक्रवार आला की त्या डबा उचलायच्या आणि प्लास्टरच्या खोलीत निघून जायच्या. "इथे मेणाचा वास येतो," म्हणायच्या. जन्मभर मेणात बोटं घातलेली बाई! मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावर काही दिसत असेल. माझ्या मनातला डाव त्यांना कळला असेल. आपल्यावर कुणी जाळं टाकतंय हे माणसाला कळतंच. मग मी सोमवारी जास्त गोड बोलायचे, आणि त्या तर नेहमीसारख्याच असायच्या, बलक पुढे करणाऱ्या. मी त्याचाही अर्थ लावत बसायचे. अर्थ लावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आता ब्रश हातात धरून मी आणखी एक अर्थ लावला. कळलं म्हणजे मोडलं. लोकांना कळलेला उपास तो उपासच नव्हे. तसं सांगितलेलंच आहे, जे दाखवून करतात त्यांना त्यांचं फळ मिळून चुकलं. म्हणजे माझे सगळे शुक्रवार वाया गेले, आणि वाया गेले म्हणजे… इथे माझ्या डोक्यातल्या मोकळ्या जागेचं दार धाडकन उघडलं आणि गोदामातला सगळा माल आत आला. म्हणजे आता गोटीचं काय? मी ब्रश खाली ठेवला आणि पर्समधून फोन घेऊन जिन्यात गेले. पाळणाघराचा फोन वाजत राहिला. उचलत का नाहीत? मला दिसलं, मावशी धावताहेत, कुणालातरी उचलून धावताहेत. मग मावशींचा कुजबुजता आवाज आला, "काय झालं हो?" मी म्हटलं, "गोटी?" त्या म्हणाल्या, "झोपलीय. दोनदा भात मागून घेतला, भिंतीवर गाय काढली, आता झोपलीय. का, लवकर नेणार आहात का?" मी नाही म्हटलं. त्यांनी बहुधा फोन तसाच हातात धरून ठेवला, कारण मला खोलीतला पंखा ऐकू आला आणि पंख्याखाली झोपलेल्या पोरांचा श्वास. त्यातला गोटीचा कुठला ते मला ओळखता येईना. सगळ्यांचा मिळून एकच होता.

फोन बंद केला तरी मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभीच राहिले. खालच्या मजल्यावर कुणीतरी खोकी सरकवत होतं. मी काय विचारलं होतं? माझा उपास उघडा पडला म्हणून माझ्या मुलीला काही झालं का, हे मी विचारलं होतं. म्हणजे इतके दिवस मी काय करत होते? भोंगाताईंचं नाव घेत होते, खरंच घेत होते. पण त्याच्या खाली, तळाशी, मी देवाशी सौदा करत होते. मी जेवत नाही, तू तिला सांभाळ. मी एक दिवस रिकामी राहते, तू सगळे दिवस भरलेले ठेव. हे मी कधी शब्दांत म्हटलं नव्हतं, कारण शब्दांत म्हटलं असतं तर ऐकूनच लाज वाटली असती. आणि आता माझ्याकडचा माल खराब निघाला होता, सौदा मोडला होता, आणि गोटी दोनदा भात खाऊन, गाय काढून, पंख्याखाली झोपली होती. जशी काही तिची झोप माझ्या भुकेवर उभी नव्हतीच कधी. मला हसू आलं. रिकाम्या पोटी हसू आलं की ते थेट डोळ्यांत जातं.

मला आई आठवली. आई उपास करायची तेव्हा मी गोटीएवढी असेन, थोडी मोठी. कुणी सांगायचं नाही, पण मला कळायचं. त्या दिवशी तिला साबणाचा आणि तेलाचा वास यायचा आणि ती आम्हाला वाढताना गुणगुणायची. आम्ही जेवत असताना ती ओट्याला टेकून उभी राहायची, हात पुसलेले, आणि आमच्याकडे बघायची, पण बघायची कुठेतरी आमच्याही पलीकडे. मला वाटायचं, आई आज कुठेतरी गेली आहे आणि आपल्याला वाढायला स्वतःला इथे ठेवून गेली आहे. भीती नाही वाटायची. उलट घर मोठं झाल्यासारखं वाटायचं. आई आता भावाकडे असते, या उपासांच्या सुरुवातीला मी तिला फोनवर विचारलं होतं, "तू काय मागायचीस गं त्या दिवशी?" तिच्या मागे टीव्ही चालू होता. ती म्हणाली, "दर वेळी मागायलाच कशाला जायला हवं? भेटायला जायचे." मी तेव्हा हं म्हटलं आणि गोटीच्या खोकल्याबद्दल बोलायला लागले. आता जिन्यात उभं राहून ते वाक्य पुन्हा ऐकू आलं, टीव्हीसकट. मी डोळे मिटले. मागण्यासारखं काही हाताशी उरलं नव्हतं. सौदा मोडल्यावर माणूस दुकानात जसा जरा वेळ नुसताच रेंगाळतो, मालकाशी गप्पा मारतो, तशी मी रेंगाळले. काही बोलले नाही. खालच्या खोक्यांचा आवाज येत राहिला. कुणीतरी शेजारी उभं आहे आणि त्याला कसलीही घाई नाही, असं मला वाटलं. आणि हे वाटणं खरं आहे का, हे तपासून बघावं असं, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, मला वाटलं नाही.

आत परत जाताना पॉलिशच्या यंत्रापाशी काकांनी मला थांबवलं. "बरं वाटत नाही का?" त्यांनी विचारलं. चष्म्यावर सगळी धूळ. मी म्हटलं, बरं आहे की. "नाही, केक नाही घेतलास. विसरलोच, शुक्रवार ना आज. पथ्य." मी विचारलं, "कसलं पथ्य?" काकांनी यंत्र बंद केलं. "पोटाचं. डॉक्टरांनी शुक्रवारी पोटाला विश्रांती द्यायला सांगितलीय ना तुला? भोंगानं केव्हाच बजावलंय सगळ्यांना, तिच्यासमोर खाण्याचा विषय काढायचा नाही, तिला आग्रह करायचा नाही, बिचारीचं पोट फार नाजूक आहे म्हणून. तू नव्हतीस तेव्हा एवढं मोठं भाषण ठोकलं. माझी बहीणही करते हो असं पथ्य. गुण येतो का?" मी म्हटलं, "येतोय हळूहळू."

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले. शेजारी भोंगाताई मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवत होत्या, जीभ दातांत धरून. त्यांच्या दिव्यापलीकडे बशी नव्हती. ती कुठे गेली मला कळलं नाही. म्हणजे मेणाचा वास येत नव्हता तर. माझ्यासमोर खायला नको म्हणून त्या प्लास्टरच्या धुळीत उभ्यानं डबा खात होत्या. मी तेल लावून, दार लावून घेतलं असं समजून आत बसले होते, आणि ते दार सताड उघडं होतं, आणि ही बाई बाहेरून त्याला पाठ लावून उभी होती, सगळ्या लॅबला ओरडून दुसरीकडे पाठवत. जिन्यातली नोटीस खोटी होती, आणि माझ्यासाठी होती. दुपारभर मी खूप चांगले दात केले. एका पुढच्या दाताला मी चहाची रेघ काढली ती इतकी सहज आली की मीच त्या माणसाला ओळखते असं वाटलं.

संध्याकाळी भट्टी निवत आली, बाकीच्या मुली पर्स घेऊन निघाल्या, काका आतल्या खोलीत यंत्र पुसत राहिले. मी पर्स उचलली. "बस," भोंगाताई म्हणाल्या. त्यांनी खणातून कवळी पाठवायची एक निळी डबी काढली. "नवी आहे, कुणाच्या तोंडातली नाही," त्या म्हणाल्या, आणि झाकण उघडलं. आत केक होता, एका बाजूनं डबीच्या आकाराचा झालेला, हिरडीसारखा वाकलेला. "आता सुटला असेल ना? दर शुक्रवारी या वेळेला तू पर्समधून बिस्कीट काढून मुठीत धरतेस आणि जिना उतरून कोपऱ्यावर खातेस. खिडकीतून दिसतं मला." मी म्हटलं, "ताई, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता?" "मग! तू एकटीच ठेवतेस होय सगळ्यांवर?"

मी बसले. मी म्हटलं, "पथ्याचं कळलं मला." त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं आणि हात उडवला. "मग आजच का बोललात? इतके दिवस नाही ते?" "केकमुळे. ती बशी तुझ्यापुढे आली असती तर तू खोटं बोलली असतीस. शुक्रवारी तू एक खोटं बोलतेस आणि मग दिवसभर तोंड एवढंसं करून बसतेस. बघवत नाही. त्यापेक्षा मी बोलते खोटं, मला पचतं." त्यांनी डबी माझ्याकडे सरकवली. मग सुरीवरचं मेण नखानं खरवडत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "न जेवता करतेस काय पण? म्हणजे मिळतं काय त्यानं?"

इतके दिवस घोटलेलं एकही वाक्य माझ्या तोंडाशी आलं नाही. ती सगळी गोटीच्या आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून गेली होती. मी म्हटलं, "मला भीती वाटते ताई. सगळ्याचीच. उठल्यापासून. आमचा प्रभू आहे ना, येशू, त्याच्यापाशी मी जाऊन बसते. तेवढा वेळ नाही वाटत. तो ऐकतो. मी काही बोलले नाही तरी ऐकतो, असं मला आज कळलं." "आणि बोललीस तर काय बोलतेस?" "नाव घेते." "पोरीचं असेल." "तिचं घेतेच. पण शुक्रवारी तुमचं घेते. सगळ्या शुक्रवारी तुमचंच घेतलं." मेण खरवडणारं नख थांबलं. भोंगाताई गप्प बसल्या. मी त्यांना गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा गप्प असताना लहान आणि ओळखू न येणारा होता. मला वाटलं, गेलं. आता रागावतील. आता म्हणतील, मी काय बिघडवलंय तुझं? त्या म्हणाल्या, "माझं नाव कशाला, माझं काय राहिलंय." मग जरा वेळानं, खरंच हळू, इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं, "लेकाचं घेशील? त्याला माझ्याजवळ बसवत नाही. माझा आवाज सहन होत नाही त्याला." मी म्हटलं, "घेईन." "मला नाही येणार तुझ्यासारखं गप्प बसून." "बोललात तरी चालतं त्याला." "माझ्या आवाजात?" "तुमच्या आवाजात." "बघ हं. नंतर कानाची तक्रार आणू नका म्हणावं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आत्ता घे की मग. केकच्या आधी घेत असाल ना तुम्ही लोक?"

घराबाहेर, मंडळीबाहेर, मी कधी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. मी डोळे मिटले, आणि मग एक किलकिला करून पाहिलं. भोंगाताईंनी डोळे असे घट्ट मिटले होते की जणू कुणी दात उपटणार आहे. मी प्रभूचे आभार मानले, केकबद्दल, या बाईबद्दल. त्यांच्या मुलाचं नाव घेतलं, जे मला त्या फोनांमुळे माहीत होतं. त्याला आईकडे यावंसं वाटू दे, म्हटलं, आणि तिचा आवाज त्याला घरासारखा वाटू दे. हे मागणंच होतं, पण त्यात माझ्या बाजूनं द्यायला काही नव्हतं, आणि ते बोलायला सोपं गेलं. माझा आवाज अगदी बारीक होता. मी आमेन म्हटलं ते भट्टीच्या चुरचुरीत बुडालं.

"आमेन!" भोंगाताई म्हणाल्या.

खणातल्या कवळ्या वाजल्या असाव्यात. खिडकीच्या काचेचं मला नक्की आठवतं. आतल्या खोलीतून पॉलिशवाले काका हातात फडकं घेऊन धावत बाहेर आले. "काय झालं? काय पडलं?"

"काही नाही," भोंगाताई ओरडल्या, डोळे पुसत. "पथ्य सुटलं हिचं!"

केक कोरडा पडला होता आणि त्याला किंचित मेणाचा वास होता, आणि इतकं चविष्ट मी बऱ्याच दिवसांत काही खाल्लं नव्हतं. माझा एकेक घास मोजल्यासारखं बघत त्यांनी मला खाऊ दिलं, आणि डबीचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "आणि सोमवारपासून रोज तेल लावत जा. म्हणजे कळायचं नाही कुणाला."

रविवारी मागच्या खोलीत पाळकबाईंनी माझं मनगट धरलं. बाकीच्या बायका लांबलचक सांगत होत्या, काहींचं तर ऐकून डोळे भरून येत होते. मी म्हटलं, "मी एकीशी बोलले. आणि आता आणखी एक नाव वाढलंय." "आणि?" त्यांनी विचारलं. बाकीचं त्या दाराच्या आतलं होतं, आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईला मी काय म्हणून पुढे आणायचं? मी म्हटलं, "आणि एवढंच." त्यांनी मनगट जरा दाबलं आणि सोडून दिलं.

सोमवारी सकाळी मी आरशापुढे तेलाची बाटली उघडून तळव्यावर तेल घेतलं. बाहेर नवरा बूट शोधत होता, दूध उतू जायच्या बेतात होतं, मला उशीर होत होता. गोटी उंबऱ्यात येऊन उभी राहिली, एका पायात मोजा, आणि तिनं नाक वर करून वास घेतला.

"आई, आज तू जेवणार नाहीस?"

मी बाटली खाली ठेवली. मग तिला जवळ ओढलं आणि तळव्यावरचं तेल निम्मं तिच्या डोक्यावर थापलं. "जेवणार," मी म्हटलं. "आज सोमवार आहे."